फळ्याशेजारचा दुसरा फळा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांना माझं हे बोलणं ऐकू जाणार नाही. रेडिओ हे माध्यमच त्यांच्या उपयोगाचं नाही. म्हणून हे भाषण पुढे छापून येणार असं कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. विषय आहे कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातल्या एका नव्या सोयीचा. शिक्षक वर्गात बोलतात ते शब्द लगेच, त्याच क्षणी, पडद्यावर अक्षरांत उमटवणारं सॉफ्टवेअर आता साध्या मोबाइलवरही चालतं. ते कसं काम करतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे फसवतं, हे मी एका शिक्षिकेच्या नजरेतून सांगणार आहे.

मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, चारचौघींसारखी. दहावीच्या माझ्या वर्गात दोन कर्णबधिर विद्यार्थी आहेत. त्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यात तिची श्रवणशक्ती गेली. मुलगा जन्मापासूनच कर्णबधिर आहे. तो सातवीपर्यंत कर्णबधिरांच्या निवासी शाळेत होता, पुढचे वर्ग तिथे नव्हते म्हणून आमच्याकडे आला. कागदोपत्री दोघांच्या पुढे एकच शब्द लिहिलेला आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र या दोघांची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे समजलं की बाकीचं बरंच समजतं.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. माइकमधून आलेल्या आवाजाचे फार बारीक तुकडे केले जातात, एका सेकंदाचे साधारण शंभर. प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा आवाज किती जोरात आहे हे मोजलं जातं. हजारो तासांचं ध्वनिमुद्रित बोलणं आणि त्याचा लिखित मजकूर या सॉफ्टवेअरला आधी पुरवलेला असतो. त्यातून ते शिकलेलं असतं की अमुक आकाराचा आवाज म्हणजे बहुधा अमुक अक्षर. पण एवढ्याने भागत नाही. माणसं शब्द गिळतात, जोडून बोलतात, खोकतात. म्हणून सॉफ्टवेअर दुसराही एक हिशेब करतं: कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. 'पाऊस' आला की पाठोपाठ 'पडतो' येणार, हा अंदाज ते बांधून ठेवतं. पुढचा शब्द वेगळाच आला तर मागे जाऊन आधी लिहिलेलं बदलतं. पडद्याकडे पाहत राहिलात तर लिहिलेला शब्द डोळ्यांदेखत पुसला जाऊन दुसरा होताना दिसतो. आपल्याला त्याची गंमत वाटते. तेच वाचून शिकणाऱ्याला मात्र त्याचा त्रास होतो, कारण वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते.

आता या अंदाज बांधण्यातला धोका पाहा. जे शब्द जगात वारंवार बोलले जातात, त्यांचा अंदाज चांगला येतो. जे क्वचित येतात, त्यांचा येत नाही. आणि शाळेतला प्रत्येक नवा धडा म्हणजे क्वचित येणाऱ्या शब्दांची पोतडी! प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना मी 'आपाती किरण' म्हणते. पडद्यावर उमटतं 'आपत्ती किरण'. यंत्राचा काय दोष? आपत्ती रोजच्या बातम्यांत असते, 'आपाती' हा शब्द दहावीच्या पुस्तकाबाहेर कुणी उच्चारत नाही. 'नाभीय अंतर' हे 'नाही अंतर' होतं. 'बहिर्वक्र भिंग' कधी 'बाहेर वक्र रंग' झालं आहे. म्हणजे 'मुलांनो, खिडकी बंद करा' हे सॉफ्टवेअर बिनचूक लिहिणार, आणि ज्या एका शब्दासाठी तो तास आहे, नेमका तोच शब्द चुकणार.

असल्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'पंच्याण्णव टक्के अचूक' वगैरे लिहिलेलं असतं. ऐकायला फार चांगलं वाटतं. पस्तीस मिनिटांच्या तासात, मिनिटाला शंभर शब्द धरले तर मी साडेतीन हजार शब्द बोलते. पाच टक्के म्हणजे पावणेदोनशे चुका. शिवाय ही टक्केवारी सगळ्या चुका सारख्या मानते. 'आणि' गळला तर काही बिघडत नाही. 'प्रकाशाला माध्यमाची गरज नाही' यातला 'नाही' गळला तर मुलाला मी चुकीचं विज्ञान शिकवलं. ऐकू येणाऱ्या मुलाला पडद्यावर चूक दिसली की तो हसतो, कारण खरा शब्द त्याच्या कानावर पडलेला असतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला चूक झाली आहे हे कळायलाच मार्ग नाही. त्याच्यासाठी पडद्यावर आहे तेच बाईंनी सांगितलं.

या कल्पनेचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात कर्णबधिरांचा हात सुरुवातीपासून आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं. टेलिफोनचं पेटंट १८७६ साली घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला ऐकू येत नसे आणि पत्नीलाही. त्यांच्या हातून जे यंत्र जन्माला आलं ते मात्र नेमकं कर्णबधिरांच्या कामाचं नव्हतं! टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित अक्षरं पाठवण्याची सोय १९६४ साली झाली, आणि ती केली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर पदार्थवैज्ञानिकाने. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं शेजाऱ्याला विनवण्यात गेली.

वर्गातल्या बोलण्याचं लेखन करण्याचे पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात झाले. तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात कर्णबधिरांसाठी 'नॅशनल टेक्निकल इन्स्टिट्यूट फॉर द डेफ' ही संस्था आहे. १९६५ च्या कायद्याने ती स्थापन झाली, १९६८ मध्ये पहिले विद्यार्थी आले. १९९० च्या सुमारास तिथे 'सी-प्रिंट' नावाची पद्धत तयार होऊ लागली. ऐकू येणारी एक प्रशिक्षित व्यक्ती वर्गात लॅपटॉप घेऊन बसते आणि शिक्षकांचं बोलणं टाइप करत जाते; विद्यार्थी ते दुसऱ्या पडद्यावर वाचतो. बोलण्याच्या वेगाने टाइप करणं सोपं नाही. आपल्याकडे मराठी टंकलेखनाच्या परीक्षा मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या असतात, आणि बोलणारा माणूस शंभरी सहज ओलांडतो. म्हणून सी-प्रिंटमध्ये शब्दांची आखूड रूपं ठरवलेली असतात. ती टाइप केली की संगणक पूर्ण शब्द उमटवतो. शिवाय ती व्यक्ती शब्दन् शब्द लिहीत नाही, आशय लिहिते. 'अं', 'म्हणजे काय की', 'हां, तर मी काय सांगत होतो' हे सगळं गाळते. वर्गात कुणी प्रश्न विचारला तर कुणी विचारला तेही नोंदवते.

त्याच दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथल्या सेंट मेरीज विद्यापीठाने माणसाऐवजी संगणकाकडून हे काम करून घ्यायचं ठरवलं. 'लिबरेटेड लर्निंग' हे त्या प्रकल्पाचं नाव. आयबीएम कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं. त्या काळी प्राध्यापकांना संगणकासमोर बसून आधी बराच मजकूर वाचून दाखवावा लागे, म्हणजे त्याला त्यांच्या आवाजाची ओळख व्हावी. एवढं करूनही एक अडचण अशी आली, जी आधी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. माणूस बोलताना पूर्णविराम उच्चारत नाही. त्यामुळे पडद्यावर विरामचिन्हांशिवाय अक्षरांची एक भिंतच उभी राहायची. मग उपाय निघाला: वक्ता क्षणभर थांबला की सॉफ्टवेअरने नवी ओळ सुरू करायची. उपाय साधाच, पण वाचणाऱ्याला त्याने केवढा तरी दिलासा दिला. तासानंतर तो मजकूर दुरुस्त करून विद्यार्थ्यांना टिपण म्हणून देत. ही दुरुस्तीची पायरी लक्षात ठेवा. मी पुढे तिच्याकडे येणार आहे.

पुढचं सगळं गेल्या पंधरा-सोळा वर्षांतलं. २००९ च्या नोव्हेंबरात यूट्यूबवर आपोआप मथळे उमटू लागले. ते काम पुढे नेणाऱ्यांत केन हॅरेनस्टीन हे कर्णबधिर अभियंते होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आली. २०१९ च्या फेब्रुवारीत 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हे अॅप आलं. त्यामागे दिमित्री कानेव्हस्की हे संशोधक होते, बालपणीच श्रवणशक्ती गमावलेले. आणि वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाने चाचणीला मदत केली होती. आमच्या वर्गात आम्ही हेच अॅप मराठीत वापरतो. शाळेचा एक टॅब स्टँडवर ठेवून फळ्याशेजारी उभा केलेला असतो. मुलं त्याला 'दुसरा फळा' म्हणतात.

आता माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांकडे येते.

मुलगी नऊ वर्षांपर्यंत मराठी ऐकत, बोलत वाढली. तिच्या डोक्यात मराठी आहे. 'आपत्ती किरण' वाचलं की ती भुवया उंचावते, पुस्तकाचं पान उलटते, 'आपाती' शोधून काढते. तिला या दुसऱ्या फळ्याचा फार उपयोग होतो. याआधी ती माझे ओठ वाचायची, आणि मी फळ्याकडे तोंड केलं की तिचा तास तिथेच संपायचा. ओठवाचनाचं लोकांना उगाच कौतुक असतं. 'प', 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून पाहा, म्हणजे कळेल.

मुलाचं तसं नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांप्रमाणे त्याचेही आईवडील ऐकू येणारे आहेत. घरात मराठी बोलली गेली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. त्याची पहिली भाषा त्याला निवासी शाळेत मोठ्या मुलांकडून मिळाली, ती म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. ही मराठीची हातवारे करून केलेली नक्कल आहे असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. 'तुझं नाव काय' विचारताना प्रश्नाची खूण शेवटी येते. नामांना 'ने', 'ला', 'शी', 'हून' अशी विभक्तीची शेपटं लागत नाहीत. जे मराठी प्रत्ययाने सांगते, ते तिथे हाताची दिशा, जागा आणि चेहऱ्याचे भाव सांगतात. मराठी या मुलासाठी दुसरी भाषा आहे, तीही केवळ डोळ्यांनी शिकलेली. 'भिंगाने किरण वळवला' आणि 'किरण भिंगाकडे वळला' यातला फरक तो एका शेपटावरून ओळखायला शिकतो आहे. त्याच्यापुढे मिनिटाला शंभर शब्दांनी सरकणारी ओळ ठेवणं म्हणजे दोन वर्षं कन्नड शिकलेल्या माणसाला बेळगावच्या बाजारात कन्नडमधून भावावर घासाघीस करायला लावण्यासारखं आहे. तीही त्याला लिहून दाखवली, म्हणून काय झालं?

हाच मुलगा आठवड्यातून एक दिवस विशेष शिक्षिका येतात आणि सांकेतिक भाषेत समजावतात, तेव्हा मला प्रश्न विचारतो. चांगले प्रश्न विचारतो. काठी पाण्यात वाकडी दिसते तर मासा पाण्यातून माणसाला कुठे पाहत असेल, हा त्याचा प्रश्न. वर्गातल्या बाकीच्या बेचाळीस मुलांपैकी कुणी तो विचारला नव्हता. दुसऱ्या फळ्यावर वाचून त्याने आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.

सोय करून घ्यायची तर शिक्षकालाही थोडं बदलावं लागतं, त्याविषयी सांगते. पहिली गोष्ट माइकची. मी विज्ञान शिकवते, म्हणून हे विज्ञानातच सांगते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई होते. तोंडापासून वीतभर अंतरावरचा माइक आणि चार मीटरवर ठेवलेला टॅब यांत अंतर वीस पट, म्हणजे तीव्रता चारशेवा भाग. वर पत्रे, भिंतींचे प्रतिध्वनी, दोन पंखे आणि शेजारच्या वर्गातले पाढे. टॅबला कसं ऐकू येणार? काही शे रुपयांना मिळणारा कॉलरला लावायचा माइक घेतला आणि चुका डोळ्यांत भरण्याइतक्या कमी झाल्या. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊनसुद्धा एवढा फरक पडला नव्हता.

दुसरी गोष्ट डोळ्यांची, आणि ती जास्त महत्त्वाची. ऐकू येणारं मूल एकाच वेळी प्रयोग पाहतं आणि मी काय बोलते ते ऐकतं. या दोघांना दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची आहेत. मी भिंग हातात धरून 'आता बघा, भिंतीवरची प्रतिमा उलटी झाली' म्हणते, तेव्हा ती दोघं टॅबवर हे वाक्य वाचत असतात. मान वर करतात तोवर मी भिंग खाली ठेवलेलं असतं. यावर कोणत्याही कंपनीचं सॉफ्टवेअर उपाय करू शकत नाही. उपाय शिक्षकाच्या हातात आहे. आधी सांगायचं, थांबायचं, मुलं मान वर करतात का ते पाहायचं, मग दाखवायचं, आणि दाखवताना गप्प राहायचं. गप्प राहणं शिक्षकाला किती जड जातं हे शिक्षकालाच ठाऊक! माझा धडा यामुळे हळू चालतो, हे खरं आहे.

तिसरी गोष्ट मागच्या बाकांची. मागून कुणी उत्तर दिलं, कुणी विनोद केला, वर्ग हसला, तर टॅबवर यातलं काही उमटत नाही. दोघं एकमेकांकडे पाहतात. म्हणून प्रत्येक प्रश्न, उत्तर आणि जमेल तिथे विनोदही मी पुन्हा माइकमध्ये म्हणते. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की फिका पडतो, पण त्याला इलाज नाही. इंटरनेट गेलं की आमचा दुसरा फळा कोरा होतो. पावसाळ्यात हे वारंवार होतं.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय निवडला ती गोष्ट. आमच्या शाळेने सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी अर्ज केला होता. रोज शक्य नसेल तर विज्ञान-गणिताच्या तासांना तरी, अशी मागणी होती. संबंधित कार्यालयातून तोंडी उत्तर मिळालं, "बाई, आता फुकट अॅप आलंय ना? मग दुभाष्याचा खर्च कशाला?" सांगणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी अॅप स्वतःच्या मोबाइलवर उघडून दाखवलं, 'नमस्कार, आपण कसे आहात' म्हणाले, ते बरोबर उमटलं, आणि त्यांची खात्री पटली. मी त्यांना 'आपाती किरण' म्हणायला सांगितलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

ज्या रॉचेस्टरच्या संस्थेविषयी मी बोलले, तिथे २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं बोलणं लिहून दाखवणारं सॉफ्टवेअर वर्गांत वापरलं जाऊ लागलं. आपल्या कल्पनेपलीकडची साधनसामग्री त्यांच्याकडे आहे. तरी त्या विद्यापीठात सांकेतिक भाषेचे शंभराहून अधिक पूर्णवेळ दुभाषी कामाला आहेत, आणि टंकलेखन करणारी माणसंही वेगळी आहेत. कोणत्या विद्यार्थ्याला काय लागतं हे पाहून सोय दिली जाते. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा हेच म्हणतो: कर्णबधिर विद्यार्थ्याला त्याच्यासाठी सर्वांत योग्य अशा भाषेत आणि संवादाच्या योग्य साधनांनी शिक्षण मिळालं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांवर नोंदली गेली. त्यांतल्या शाळकरी वयाच्या सगळ्या मुलांना एकच अॅप पुरेल असं मानणं म्हणजे सगळ्यांना एकाच नंबरचा चश्मा वाटण्यासारखं आहे.

माझं या सॉफ्टवेअरशी वैर नाही, उलट मला ते हवं आहे, रोज हवं आहे. दुरुस्तीची गोष्ट मी म्हटलं होतं ती आता सांगते. तासभराचा मजकूर आम्ही टॅबवरून संगणकावर घेतो. वर्गातली ऐकू येणारी दोन मुलं, आठवड्याला दोन याप्रमाणे पाळीपाळीने, पुस्तक समोर ठेवून तो दुरुस्त करतात. पूर्णविराम घालतात, 'आपत्ती'चं 'आपाती' करतात, माझी पुनरावृत्ती छाटतात (त्यात त्यांना विशेष आनंद होतो). त्याची छापील प्रत दुसऱ्या दिवशी त्या दोघांना मिळते. मुलीला ती उजळणीला लागते. मुलगा ती विशेष शिक्षिका येण्याच्या दिवसासाठी जपून ठेवतो, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून. सरकत्या ओळीपेक्षा थांबलेली ओळ त्याला जवळची वाटते. ती त्याच्या वेगाने वाचता येते. धडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नव्या शब्दांची यादीही मी दोघांना देते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशाच्या चित्रफिती इंटरनेटवर आहेत. त्यांत सापडतील त्या खुणा तो मुलगा शोधतो आणि वर्गातल्या चार-सहा जणांना शिकवतो. 'किरण', 'आरसा', 'सावली' आता अर्ध्या वर्गाला हातांनी म्हणता येतं. 'नाभीय अंतर' अजून कुणालाच येत नाही.

दुभाष्यासाठी आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे. या वेळी सोबत एका तासाचा मजकूर जोडला आहे, अॅपने लिहिला तसा, दुरुस्त न केलेला. चुकांखाली मुलीने लाल शाईने रेघा मारल्या आहेत. मुलाला तेच काम दिलं तेव्हा त्याने सगळी पानं शेवटपर्यंत वाचली आणि एकही रेघ न मारता परत केली. तीही प्रत आम्ही अर्जाला जोडली आहे.